गिटार, काळी चार आणि अडलेली एफ कॉर्ड

प्रश्न : माझे वय 46 असून मी सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते. लहानपणी पाच वर्षे पेटीवर गाणे शिकले, अजूनही घरच्या घरी भावगीते गाते. माझी पट्टी काळी चार आहे. मुलगा शिकायला पुण्याला गेल्यापासून त्याची गिटार कपाटावर पडून होती. दिवाळीत ती खाली काढली आणि तेव्हापासून व्हिडिओ पाहून शिकते आहे. सी, जी, ए मायनर या कॉर्ड कशाबशा येतात, पण एफ काही केल्या येत नाही. बोटांची अग्रे दुखतात, आणि एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना दर वेळी गाणे थांबते. शिवाय व्हिडिओतल्या पट्टीत माझा आवाज बसत नाही. एका क्लासच्या सरांनी हात पाहून "बोटे आखूड आहेत, या वयात अवघडच" असे सांगितले. यजमान म्हणतात, नवीन गिटार घेऊ. नणंदबाई म्हणतात, गिटारवर आपले गाणे वाजतच नाही. मी हा नाद सोडून द्यावा का?

— एक वाचक, सांगली

सप्रेम नमस्कार,

नाद सोडू नका. तुमच्या पत्रात चार-पाच तक्रारी वेगवेगळ्या लिहिल्या आहेत, पण त्यांतल्या बहुतेकींचे मूळ दोनच ठिकाणी सापडेल असे मला वाटते. एक म्हणजे कपाटावर पडून राहिलेली ती गिटार कोणीही तपासलेली नाही, आणि दुसरे म्हणजे तुम्ही ज्या पट्टीत, म्हणजे ज्या स्वराला षड्ज धरून, गाता ती सोडून दुसऱ्याच पट्टीतल्या कॉर्ड शिकत आहात. या दोन्हींचा निकाल लागेपर्यंत तुमच्या वयाविषयी किंवा बोटांच्या लांबीविषयी कोणी काही ठरवू नये, तुम्हीही नाही.

आधी गिटारकडे पाहू. तारांवरून बोट फिरवून पाहा. खरखर लागली किंवा बोटाला काळपट-तांबूस डाग पडला, तर तारा गंजल्या आहेत. गंजलेली तार सुरात राहत नाही आणि बोटही सोलते, म्हणून संपूर्ण संच बदलावा. त्याला काही शे रुपयांच्या वर खर्च येत नाही. संच विकत घेताना जाडी अवश्य विचारा. संचाचे नाव त्याच्या सर्वांत बारीक तारेच्या जाडीवरून ठरते, आणि पोलादी तारांच्या गिटारवर साधारणपणे 0.012 इंचाचा संच असतो. तुम्ही 0.011 किंवा 0.010चा मागा. आवाज किंचित पातळ येईल, परंतु बोटांवरचा भार लक्षात येण्याइतका कमी होईल. मात्र तुमच्या गिटारच्या बारीक तीन तारा नायलॉनच्या असतील, तर तिच्यावर पोलादी तारा चुकूनही चढवू नका. पोलादी संचाचा एकूण ताण साधारण 70 किलोच्या घरात जातो, नायलॉनचा 40च्या आसपास असतो, आणि नायलॉनसाठी बांधलेल्या गिटारची घोडी, म्हणजे पोटावरची तारा अडकवायची लाकडी पट्टी, हा जास्तीचा ताण सहन न होऊन उखडून येऊ शकते.

दुसरी गोष्ट तारांच्या उंचीची, आणि माझा खरा संशय इथेच आहे. गिटारच्या दांडीवर सतारीसारखेच पडदे असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे जिथे दांडीवर बहुधा दोन ठिपके जोडीने असतात तिथे, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. त्यासाठी पोलादी पट्टी वापरा, कारण शाळेच्या प्लास्टिकच्या पट्टीवर शून्याची रेघ टोकापासून थोडी आत असते आणि माप चुकते. जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर आणि सर्वांत बारीक तारेखाली दोनच्या आसपास अंतर असेल, तर गिटार ठीक आहे. चार मिलिमीटर भरले, तर त्या गिटारवर कसलेल्या वादकाचीही बोटे दुखतील.

त्यानंतर खुंट्यांच्या बाजूचे टोक तपासा. दांडी आणि डोके यांच्या सांध्यावर खाचा असलेली एक आडवी पट्टी असते, तिला नट म्हणतात. एकेक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट राहते ते पाहा. ती कागद सरकेल एवढीच असावी. फट त्याहून बरीच मोठी असेल, तर नटच्या खाचा पुरेशा खोल नाहीत. याचा त्रास दांडीच्या मधल्या भागात जाणवत नाही, पहिल्या फ्रेटवर सर्वांत अधिक जाणवतो, आणि तुमची अडलेली एफ कॉर्ड नेमकी पहिल्या फ्रेटवरच असते. खाचा कानशीने उतरवण्याचे काम दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घ्या. तुमच्या शेजारी मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीवर किती हलक्या हाताने कानस फिरवतात हे तुम्ही पाहिले असेल, तर हे काम घरी का करायचे नाही हे वेगळे सांगायला नको. दांडीच्या आत एक लोखंडी गज असतो आणि तो पिळून दांडीचा बाक कमी-अधिक करता येतो असे व्हिडिओत दाखवतात. तिथेही स्वतः हात घालू नका.

आणखी दोन बारीक तपासण्या बाकी राहतात. कपाटावर, छताजवळ, गिटार काही उन्हाळे पडून राहिली असेल, तर दांडीचे लाकूड सुकून आकसते आणि फ्रेटची टोके कडेला बाहेर येतात. दांडीच्या कडेवरून तळहात सरकवताना टोचत असेल, तर ती टोकेही घासून घ्यावी लागतील. आणि घोडीच्या मागच्या कडेखाली कागद शिरतो का ते बघा. शिरत असेल, तर घोडी सुटू लागली आहे. एवढ्या सगळ्यातून गिटार सहीसलामत पार पडली, तर यजमानांना सांगा की नवीन गिटारचे पैसे राहू द्या. दांडी वाकडी झाली असेल किंवा घोडी उखडली असेल तरच नवीन घ्यावी, आणि तीसुद्धा दुकानातल्या भिंतीवरून थेट घरी न आणता तारांची उंची तिथेच बसवून आणावी. नवीन स्वस्त गिटारवरही तारा उंच असण्याचा संभव जुनीइतकाच असतो, किंबहुना थोडा जास्तच.

आता पट्टीकडे वळू. सांगण्यासारखे माझ्यापाशी सर्वांत अधिक इथेच आहे, आणि पाच वर्षे पेटी शिकल्यामुळे तुम्हाला ते चटकन कळेल.

गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीककडे पेटीच्या भाषेत, म्हणजे सप्तकातल्या पांढऱ्या-काळ्या सुरपट्ट्यांच्या क्रमांकांनी, अशा लागतात : पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन, दोन सप्तके वरची. शेजारच्या दोन तारांत शुद्ध मध्यमाचे अंतर असते, फक्त पांढरी पाच आणि पांढरी सात यांच्यात ते शुद्ध गंधाराचे आहे. प्रत्येक फ्रेट म्हणजे पेटीवरचे पुढचे एक घर, काळे-पांढरे न पाहता. आणि कॉर्ड म्हणजे कोणताही स्वर षड्ज धरून तो, त्याचा गंधार व पंचम एकत्र वाजवणे, गंधार शुद्ध असेल तर मेजर आणि कोमल असेल तर मायनर. व्हिडिओंमध्ये ज्यावर तासन्‌तास खर्च होतात त्यातला बराच भाग एवढ्यात उरकतो, आणि तुमच्यासाठी तर तो उजळणीचाच आहे.

तुम्ही ज्या कॉर्ड शिकलात त्यांत षड्ज सी, म्हणजे पांढरी एक धरलेला दिसतो. त्या पट्टीत मध्यमावरची कॉर्ड एफ येते, आणि मध्यमाची कॉर्ड टाळून फारशी गाणी वाजत नाहीत. म्हणून व्हिडिओतली व्यक्ती दुसऱ्याच आठवड्यात तुम्हाला एफशी झुंजायला लावते. तुमची पट्टी मात्र काळी चार. तिथून वरची पांढरी एक चार घरे पुढे आहे, तिथे तार सप्तकात तुमची ओढाताण होणार, आणि खालची पांढरी एक धरली तर मंद्रात आवाज बुडणार. आवाज न बसण्याचे कारण हे आहे. गळ्यात दोष नाही आणि कानातही नाही.

यावर उपाय म्हणजे कॅपो. तारांवर आडवा बसणारा हा चिमटा वाद्यांच्या कोणत्याही दुकानात मिळतो आणि तोही काही शे रुपयांत येतो. तो पहिल्या फ्रेटला अगदी लागून, पण फ्रेटच्या माथ्यावर न चढवता, खुंट्यांच्या बाजूने बसवा. सर्व तारा एक घर वर जातात. आता जी कॉर्डची ठेवण धरलीत की ऐकू येते ती काळी चार, कारण जी म्हणजे पांढरी पाच आणि तिच्यापुढचे घर काळी चार. षड्जाला जी, मध्यमाला सी, पंचमाला डी, धैवताला ई मायनर आणि रिषभाला ए मायनर, अशा पाच ठेवणी तुम्हाला लागतील. यांत एफ कुठेही नाही. कधी आवाज मोकळा असेल आणि काळी पाचमध्ये गावेसे वाटले, तर कॅपो तिथेच ठेवून ए, डी आणि ई या ठेवणी वापरा. तिथेही एफ नाही. शिवाय पहिल्या फ्रेटवर कॅपो बसला की नटच्या उथळ खाचांचा त्रास आपोआप टळतो, म्हणजे दुरुस्तीवाल्याकडे जाईपर्यंतची सोयही झाली. कॅपो लावल्यावर तारा किंचित चढतात, तेव्हा ट्यूनरवर पुन्हा एकदा जुळवून घ्याव्यात. फोनवरचा ट्यूनर या कामाला पुरेसा आहे.

कोणत्या ओळीखाली कोणती कॉर्ड ठेवायची हे इंटरनेटवर शोधत बसू नका, तुमचा कान ते काम करील. आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, आवाज कोणत्या स्वरावर टेकतो ते पेटीवर पाहा आणि तो स्वर ज्या कॉर्डमध्ये आहे ती वाजवा. पंचमावर टेकला तर षड्जाची कॉर्डही चालेल आणि पंचमाचीही. त्या दोघींत निवड करताना चूक-बरोबर असा हिशोब नसतो, गाण्याचा भाव कोणती मागतो एवढेच पाहायचे.

इथेच नणंदबाईंचा मुद्दा विचारात घ्यायला हवा, कारण तो अगदीच निराधार नाही. फ्रेट असलेल्या गिटारवर लांब मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, निघत नाही, आणि एकाच वेळी तीन-चार स्वर वाजवणाऱ्या कॉर्डला राग नेहमी मानवत नाही. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी 1960च्या दशकात गिटार आडवी ठेवून, तारांवर पोलादी नळी सरकवून रागसंगीत वाजवले आणि मींडेची अडचण अशी सोडवली. विश्वमोहन भट्ट यांनी तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या, तारा जोडून तिची मोहनवीणा केली आणि 1994 साली त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तेव्हा "वाजतच नाही" हे म्हणणे फार पूर्वीच निकालात निघाले आहे. पण तो वेगळ्या वादनाचा, वेगळ्या रियाजाचा मार्ग झाला. तुमचे काम गळ्याला साथ देण्याचे आहे. मींड, मुरकी, हरकत गळ्यातच राहू द्या. गिटारने खाली जमीन धरायची.

रागाची थोडी काळजी मात्र घ्यावी लागेल. गाणे यमनच्या अंगाचे असेल, तर मध्यमाची सी कॉर्ड वाजवताच कानाला खटकेल, कारण तिच्यात शुद्ध मध्यम आहे आणि तुम्ही तीव्र गात असता. तिथे ए मेजरची ठेवण वापरून पाहा, तिच्यात रिषभ, तीव्र मध्यम आणि धैवत हे तिन्ही स्वर यमनचेच आहेत. आणि जिथे कोणतीच कॉर्ड पटत नाही तिथे नुसती षड्जाची जाड तार छेडून थांबावे. पेटीवाले अशा जागी हात हलका करतात, तसेच हे. व्हिडिओंवर वाढलेल्या हातांना मधल्या जागा भरून टाकण्याची सवय लागते, आणि माझ्या मते भावगीताला त्या भरतीचा जितका उपद्रव होतो तितका चुकीच्या कॉर्डचाही होत नाही.

एफ कायमची टळेल असे मात्र नाही. भैरवी गायला घेतलीत की ती दारात उभी राहील. भैरवीसाठी ई मायनरची ठेवण षड्जाला धरा आणि कॅपो चौथ्या फ्रेटवर न्या, पुन्हा काळी चारच मिळेल. मध्यमाला ए मायनर येते, आणि कोमल रिषभ, मध्यम व कोमल धैवत यांची कॉर्ड म्हणजे नेमकी एफ. पण या वेळी ती बरीच सोपी असेल, आणि त्याची कारणे मोजता येतील अशी आहेत. 65 सेंटिमीटर तारेच्या नेहमीच्या गिटारवर नट आणि पहिला फ्रेट यांच्यातले घर सुमारे 36 मिलिमीटर रुंद असते, तर चौथ्या आणि पाचव्या फ्रेटमधले सुमारे 29. शिवाय कॅपोपाशी तारा फ्रेटला टेकलेल्याच असतात, त्यामुळे बोटाखाली उंची उरत नाही. "बोटे आखूड आहेत" असे सांगणाऱ्या सरांनी कॅपो लावून पाहायला हवा होता.

तिथेही सुरुवात पूर्ण एफने करू नका. चौथी तार तिसऱ्या घरात अनामिकेने, तिसरी तार दुसऱ्या घरात मधल्या बोटाने आणि दुसरी तार पहिल्या घरात तर्जनीने दाबा, पहिली, म्हणजे सर्वांत बारीक तार मोकळी सोडा, आणि जाड दोन तारांना हातच लावू नका. कॅपोपासून पुढची घरे मोजायची हे ध्यानात ठेवा. ती मोकळी तार इथे तुमचा षड्ज आहे, तेव्हा कोमल रिषभाच्या कॉर्डवरही षड्ज वाजत राहतो, आणि भैरवीत हे मला पूर्ण एफपेक्षा अधिक आवडते. पुढे कधी पूर्ण एफ धरायचीच झाली, तर तर्जनीने सहाही तारा दाबण्याची धडपड करू नका. मधल्या तीन तारा इतर बोटांनी दाबलेल्याच असतात, तर्जनीला फक्त सर्वांत जाड आणि बारीक दोन एवढ्याच वाजवायच्या आहेत. बोट सपाट न टेकवता किंचित कडेवर झुकवा. बोटाच्या पेरांवरच्या घड्या तारेखाली आल्या की तार त्यांत बसते आणि मुकी होते, कडेवर झुकलेल्या बोटाला तो त्रास नसतो. जोर अंगठ्याने चिमटून न लावता कोपराच्या वजनाने मागे ओढून लावावा.

कॉर्ड बदलताना गाणे थांबते या तक्रारीचा संबंध डाव्या हातापेक्षा उजव्याशी अधिक आहे. डावा हात पोहोचला नाही म्हणून आपण उजवा थांबवतो, आणि लय तुटते. उलट करा : उजवा हात कधीही थांबवायचा नाही, डावा उशिरा पोहोचला तर मोकळ्या तारा वाजू द्यायच्या. भावगीतांत केरवा आणि दादरा हे दोन ताल फार आढळतात, तेव्हा व्हिडिओतली बाणांची चित्रे सोडून थेट तालावरच या. दादऱ्यात पहिल्या मात्रेला अंगठ्याने कॉर्डची मूळ जाड तार छेडा, दुसऱ्या व तिसऱ्या मात्रेला पुढच्या तीन बोटांनी बारीक तीन तारा एकदम उचला, चौथ्या मात्रेला पुन्हा अंगठा, पाचव्या-सहाव्याला पुन्हा बोटे. मूळ तार जी आणि ई मायनरला सहावी, सी व ए मायनरला पाचवी, आणि डीला चौथी. तारांचे क्रमांक बारीककडून जाडीकडे मोजतात, हे एकदा मनात पक्के करा, नाहीतर सगळा गोंधळ होईल. केरव्यात आठ मात्रांपैकी पहिल्या व पाचव्या मात्रेला अंगठा, तिसऱ्या व सातव्याला बोटे, मधल्या मात्रा रिकाम्या. सुरुवातीला एवढे पुरे. कॉर्ड बदलायची असेल तेव्हा शेवटच्या मात्रेला डावा हात उचला, म्हणजे समेपर्यंत पोहोचायला पूर्ण एक मात्रा मिळते. तासभर केलेल्या घोकंपट्टीपेक्षा, फोनवरचा तबला अगदी संथ लावून या पद्धतीने दहा मिनिटे गायलेली एकच ओळ अधिक उपयोगी पडते.

प्लेक्ट्रम, म्हणजे ती प्लास्टिकची त्रिकोणी चकती, सध्या बाजूला राहू द्या. बोटांनी आवाज मृदू येतो, तुमच्या गळ्यावर चढत नाही, आणि रात्री शेजाऱ्यांचीही अडचण होत नाही.

डाव्या हाताची एक युक्ती सांगतो, ती जुनी आणि भरवशाची आहे. जी कॉर्ड चार बोटांनी धरा : मधले बोट सहाव्या तारेवर तिसऱ्या घरात, तर्जनी पाचव्या तारेवर दुसऱ्या घरात, आणि अनामिका व करंगळी अनुक्रमे दुसऱ्या व पहिल्या तारेवर तिसऱ्या घरात. आता सीकडे जाताना अनामिका आणि करंगळी उचलायचीच नाहीत, फक्त तर्जनी व मधले बोट प्रत्येकी एक तार खाली, बारीक तारांच्या दिशेने सरकवायचे. डीवर जातानाही अनामिका आहे तिथेच राहते. अशी सी निव्वळ सी नसते, तिच्यात षड्जाच्या कॉर्डचा पंचम मिसळतो, आणि जुन्या वळणाच्या गाण्यात तो कधी कधी फार आधुनिक वाटतो. तसे वाटले तर त्या ओळीपुरती साधी सी घ्यावी.

बोटांच्या दुखण्याविषयी थोडक्यात लिहितो. अग्रांची त्वचा घट्ट होईपर्यंत काही आठवडे दुखणारच, आणि मध्ये खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते, म्हणून रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटे सकाळी आणि पंधरा रात्री बसावे. भांडी घासून किंवा अंघोळीहून येऊन लगेच तारांना हात लावू नये, ओली त्वचा लवकर सोलते. डाव्या हाताची नखे अगदी मुळाशी कापावीत. बोट दोन फ्रेटच्या मधोमध न टेकवता पुढच्या फ्रेटच्या अगदी मागे टेकवले, की निम्म्या जोरात स्वच्छ स्वर निघतो. पलंगावर किंवा मांडी घालून जमिनीवर बसू नका. पोलादी तारांच्या गिटारचे पोट मोठे असते, ते मांडीवर नीट बसत नाही आणि मनगट मुडपते. बिनहाताची साधी खुर्ची घ्यावी. मात्र मनगटात कळ येऊ लागली किंवा बोटांना मुंग्या येऊन त्या टिकून राहिल्या, तर वाजवणे थांबवून डॉक्टरांना हात दाखवावा. तुम्ही दिवसभर संगणकावर काम करत असाल, तर हे अधिकच महत्त्वाचे आहे. अग्रांचे दुखणे सोसण्यासारखे असते, मनगटाचे सोसू नये.

शेवटी शिक्षकांविषयी. तुम्हाला शिक्षक हवेतच, कारण मनगट मुडपले आहे किंवा तार किंचित उतरली आहे हे व्हिडिओतल्या माणसाला दिसत नाही. पण आठवड्यातून तीन दिवसांच्या, दहा मुलांच्या वर्गाची तुम्हाला गरज नाही, पंधरा दिवसांतून एकदा एकट्याने घेतलेला तास पुरेल. ग्रेडच्या परीक्षा मुलांना शिस्त लावायला चांगल्या असतात. तुमच्यासमोर गाणे आहे, तेव्हा तुम्हाला त्यांची निकड नाही. प्रवेश घेण्यापूर्वी शिक्षकांसमोर कॅपो लावून तुमच्या पट्टीतले एक कडवे गाऊन दाखवा आणि साथ करायला सांगा. जे तुमची पट्टी विचारतील, कॅपो सरकवतील आणि तुमच्या गाण्याच्या लयीने चालतील, त्यांच्याकडे जा. जे तुम्हाला सी मध्ये गायला सांगतील किंवा पुन्हा बोटांची लांबी पाहू लागतील, त्यांना नमस्कार करून बाहेर पडा.

दुरुस्तीसाठी सांगलीत किंवा मिरजेत गिटारचे काम जाणणारे कोणी न मिळाल्यास कोल्हापूर किंवा पुणे गाठावे लागेल. मुलगा पुण्यात आहेच, पुढच्या सुट्टीनंतर परत जाताना गिटार त्याच्याबरोबर पाठवा, आणि बाराव्या फ्रेटवरची तुम्ही मोजलेली मापे एका चिठ्ठीवर लिहून पिशवीत ठेवायला विसरू नका.